साठाला चाळीस

रविवार, दिनांक ५ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. निमगाव केतकीच्या थांब्यावरून बारामतीकडे निघालेल्या एस.टी.त बसलेले आणि उभे मिळून एकसष्ट प्रवासी होते. बासष्टावी मी होते आणि माझे तिकीट काढलेले नव्हते.

"आबा, ही वीणा कुठल्या देवळातली?" वाहकाने विचारले.

"वीणा न्हाय. गिटार हाय."

"नातवाची व्हय?"

"माझी."

वाहकाने आबांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले, मग सोलापुरी चादरीत गुंडाळलेल्या माझ्याकडे पाहिले. "बरं, मान जरा आत घ्या तिची," तो म्हणाला, "न्हायतर म्होरल्या मावशीचा डोळा जायचा."

मित्रांनो, ती गिटार म्हणजे मीच. वयाने जुनी, अंगाने पोकळ आणि स्वभावाने थोडी स्वप्नाळू. पोकळ अंगाला स्वप्ने लवकर पडतात. शेजारून मालमोटार गेली तरी माझ्या पोटात कुणीतरी हलकेच गुणगुणू लागते.

मला मांडीवर घेऊन बसलेल्या गृहस्थांचे नाव रामहरी. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. ते त्या दिवशी बारामतीला का निघाले होते, हे सांगितल्यावाचून माझी कथा पुढे सरकणार नाही. तीन वर्षे आबा जॅझ नावाचे परदेशी संगीत शिकत होते. गुरू नव्हता, वर्ग नव्हता. होती ती फक्त पुस्तके आणि मोबाइलवर फुकट मिळणारे धडे. परंतु हे संगीत एकट्याचे नव्हे. एकाने काही विचारावे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, मग पहिल्याने त्या उत्तरावर हसावे, असे ते असते. तीन वर्षे आबा विचारत होते आणि उत्तर देणारे पंचक्रोशीत कुणीही नव्हते. त्या दिवशी त्यांना प्रथमच एक जोडीदार भेटणार होता.

आता थोडे माझ्या जन्माविषयी सांगते. कोलकात्यातील एका अरुंद गल्लीत, जिथे दुपारीही दिवा लावावा लागे, तिथे मला घडवले गेले. माझी मान सागवानाची, मानेवरची पट्टी शिसवाची आणि पोट हलक्या, किंचित फुगीर लाकडाचे. इतर गिटारींच्या पोटावर एक गोल तोंड असते. माझ्या पोटावर मात्र व्हायोलिनसारखी दोन वळणदार छिद्रे आहेत. ज्यावरून तारा जातात ती घोडीही माझ्या अंगाला डिंकाने चिकटवलेली नाही. तारांच्या दाबाने ती जागच्या जागी उभी राहते. तारा गेल्या की घोडी गेली. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तसेच घडले.

बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीने मला मागवून घेतले. भीमा मास्तर नावाचे वादक चमकीचे जाकीट घालून मला वाजवत. लग्ने, गणपती, बारशी, साखर कारखान्याच्या गळिताचा शुभारंभ, कुठे म्हणून मी गेले नाही! वडगाव निंबाळकरला एका वरातीत लोकांनी एकच गाणे इतक्या वेळा वाजवायला लावले की नवरदेवाखालचा घोडा उभ्या उभ्या पेंगू लागला. "मास्तर, गिटार बोलती तुमची," असे लोक म्हणत. त्या शब्दांची ऊब माझ्या लाकडात अजून शिल्लक आहे.

पुढे एकाच पेटीतून साऱ्या वाद्यांचे आवाज काढणारे यंत्र आले. त्याच्यामागून भिंतींएवढे कर्णे आले. पार्टी मोडली. भीमा मास्तर शेतीकडे वळले आणि मी दादासो यांच्या लाउडस्पीकर भाड्याने देण्याच्या दुकानात एका खिळ्याला मानेने लटकले. उन्हाळ्यात वरचा पत्रा तापे आणि माझे सांधे कुरकुरत. तारा गंजल्या, एकेक करून तुटल्या. घोडी कुठे घरंगळली, ते कळलेच नाही. माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला. मी त्याला दोष देत नाही. रिकामी जागा कुणीतरी वापरतेच.

आबा तिथे आले ते जनरेटर दुरुस्त करायला. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्यांनी उभी हयात लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात काढली होती. निवृत्तीनंतर परिसरातील पंप, मोटारी आणि दूध काढण्याची यंत्रे ते पाहून देत. काम झाल्यावर हात पुसता पुसता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"दादासो, ते काय टांगलंय?"

"ती व्हय? गिटार हाय भीमा मास्तरची. आता कोळ्याचं बिऱ्हाड हाय त्यात. न्या, न्यायची असंल तर."

"हिची घोडी कुठं हाय?"

"आबा, हितं माणसाला घोडी मिळंना वरातीला," दादासो म्हणाले.

आबांनी मला घरी आणले. त्यांना संगीताची ओढ होती असे मुळीच नाही. एक मोडकी वस्तू समोर होती आणि ती नीट करता येईल की नाही, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी शिसवाच्या तुकड्यातून कानस घासून नवी घोडी केली. ती नेमकी कुठे उभी करायची हे शोधण्यासाठी त्यांनी मोबाइल उघडला. एका परदेशी कारागिराने माझ्यासारखीच एक गिटार समोर घेऊन सर्व मापे समजावून दिली होती. आबांनी पोलादी मोजपट्टीने माझ्या तारेची लांबी मोजली, घोडी बसवली, तारा ताणल्या. काम संपले होते. परंतु त्या चित्रफितीच्या शेवटी कारागिराने गिटार ठीक झाल्याची खात्री करण्यासाठी वीस सेकंद काहीतरी वाजवले. ते सूर धावत नव्हते आणि थांबतही नव्हते. पाण्यावर पान तरंगावे तसे ते कडेकडेने, वळत वळत गेले. आबांनी ते वीस सेकंद पुन्हा लावले. मग पुन्हा. चहा निवून गेला.

अशा रीतीने आम्ही दोघांनी शिकायला सुरुवात केली.

या विद्येची पुस्तके निराळी असतात. जुन्या वादकांनी ध्वनिमुद्रिकांवर वाजवलेला एकेक सूर कुणी जाणकार कान देऊन ऐकतो आणि कागदावर उतरवतो. सहा रेघा म्हणजे माझ्या सहा तारा. रेघेवरचा आकडा म्हणजे मानेवरच्या धातूच्या कितव्या आडव्या पट्टीशी बोट ठेवायचे ते. चार ठोक्यांचा एक खण, असे बत्तीस खण झाले की गाण्याची एक फेरी पूर्ण होते. आबांनी इंदापुरातून अशी पाने छापून आणली आणि त्यांना हायसे वाटले. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती. हे ड्रॉइंग होते! ड्रॉइंगवर दहा मिलिमीटर लिहिले असेल तर दहाच करायचे, साडेनऊ नाही आणि साडेदहाही नाही, या शिस्तीवर त्यांनी जन्म काढला होता.

मोबाइलवरचा शिक्षक अधूनमधून बोटे थांबवी आणि म्हणे, "आता पुढचे मला लिहून दाखवता येणार नाही, नुसते ऐका." अशा जागा आबा बोटाने पुढे सरकवत. जे लिहिता येत नाही ते मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्यात वेळ कशाला घालवायचा, असा त्यांचा हिशोब होता.

मित्रांनो, चूक झाली ती इथे. मला ती जाणवत होती. पण लाकडाला बोलता येत नाही. ते फक्त वाजू शकते.

कुशाबाईंना, म्हणजे आबांच्या पत्नीला, हा नाद पसंत नव्हता. "रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागत्यात," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "आमचं ह्ये टिंगटिंगला लागलं." तरीही आबांच्या बोटांना घट्टे पडले तेव्हा कोमट तेलाची वाटी कुणी न मागता माझ्याशेजारी येऊन बसली.

त्या धड्यांच्या खाली जगभरचे विद्यार्थी आपापले चार शब्द लिहीत. आबांनीही एकदा लिहिले, 'धडा समजला. आभारी आहे. रामहरी, मुक्काम निमगाव केतकी.' दोन दिवसांनी त्याखाली मराठीत उत्तर उमटले, 'आबा, मी सूरज, बारामतीत मोबाइल दुरुस्त करतो. बेस वाजवतो. या की एकदा.'

म्हणून ती एस.टी., आणि म्हणून बासष्टावी प्रवासी मी.

सूरज तिशीचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. बसस्थानकाजवळच्या त्याच्या दुकानाच्या माळ्यावर एक खोली होती. बेस म्हणजे माझेच भावंड. चार जाड तारांचे, घनगंभीर आवाजाचे. एकाने जमीन धरायची आणि दुसऱ्याने तिच्यावर चालायचे, अशी आमची वाटणी. दोघांनी एक संथ गाणे निवडले. सूरजने चार आकडे मोजले आणि आम्ही निघालो.

चौथ्या खणात आमची गाडी अडली. पुन्हा सुरू केले, पुन्हा चौथ्या खणात आम्ही एकमेकांपासून सुटलो. आबांच्या कपाळावर घाम आला. "माझा सूर चुकला का?"

"सूर एकबी चुकला न्हाय, आबा. पुस्तकात हाय तसंच वाजिवताय."

"मग अडतंय कुठं?"

सूरज अवघडला. वडीलधाऱ्या माणसाला हे कसे सांगावे, ते त्याला सुचत नव्हते. "तुमी चालताय बरोबर," तो शेवटी म्हणाला, "पण डुलत न्हाय. ठोक्याची दोन अर्धी तुमी सारखी कापताय. भाकरी मोडल्यागत."

"पुस्तकात सारखीच लिहिल्यात."

"लिहित्यात सारखी. वाजिवताना पयलं लांब आन दुसरं आखूड करायचं."

"किती लांब?"

"आता किती म्हंजे..." सूरज हसला. "त्याला माप न्हाय, आबा. आपसूक येतं ते."

आबा हसले नाहीत. आणखी एक गोष्ट निघता निघता कळली. फेब्रुवारीपासून सूरज गोव्याला एका हॉटेलात वाजवायला जाणार होता. दुकान दुसऱ्याला दिले होते. "सव्वीस तारखेच्या रविवारी हाय मी हितं," तो म्हणाला. "या अजून एकदा. त्यानंतर मग मोबाइलवरच भेट."

परतीच्या एस.टी.त आबांनी माझी मान खिडकीकडे केली होती. उसाचे फड, मग पानमळे, मग पुन्हा उसाचे फड मागे सरकत होते. घरी आल्यावर त्यांनी मला दाराआडच्या खिळ्याला अडकवले. बाजूला औषध फवारणीचा जुना पंप होता.

"का वो, आज वाजिवणार न्हाय?" कुशाबाईंनी विचारले.

"न्हाय."

"आता सवय लागली कानाला. झोप यायची न्हाय मला."

"त्यात माझं काम न्हाय, कुशे. ते माप नसलेलं काम हाय."

मी पुन्हा स्वप्नात गेले. पत्रा, कोळी, खिळा. मला वाटले, माझी कथा इथेच संपली. एक आठवडा गेला. दुसराही संपत आला.

मग एका पहाटे गोठ्यातून दिपालीची हाक आली. दिपाली म्हणजे आबांची सून. घरच्या दहा गाई तीच पाहते. "आबा, जरा येता का हिकडं? यंत्र चालू हाय, पण गाय पान्हा सोडंना. नुसती लाथा झाडतीया."

दूध काढण्याच्या यंत्रात एक छोटा भाग असतो. तो सडाभोवतीची हवा एकदा ओढतो, एकदा सोडतो. ओढली की दूध येते, सोडली की सडाला विसावा मिळतो. आबा गोठ्यात गेले आणि कान देऊन उभे राहिले. दाराच्या फटीतून तो आवाज माझ्यापर्यंतही येत होता. टक, टक, टक, टक. सगळे ठोके सारखे, भाकरी मोडल्यागत.

"समान पडतंय," आबा पुटपुटले. "कचरा अडकला असणार." त्यांनी तो भाग उघडला, हवेचे बारीक छिद्र साफ केले आणि पुन्हा बसवला. "ओढायला साठ भाग, सोडायला चाळीस. पन्नासाला पन्नास झालं की जनावराला सोसत न्हाय. त्याला वाटतं, कुणीतरी उगंच टोचतंय."

यंत्र सुरू झाले. टाऽक-टक, टाऽक-टक, टाऽक-टक. गाईने कान सैल सोडले. पाय हलेनासे झाले. पारदर्शक नळीतून पांढरी धार डुलत डुलत निघाली.

दिपाली म्हणाली, "झालं की नीट."

आबा हातात पाना धरून तसेच उभे होते. असे शेकडो भाग त्यांनी साफ केले होते. साठाला चाळीस हे माप त्यांना झोपेतही पाठ होते. पण इतकी वर्षे ते त्यांनी पाहिले होते, मोजले होते. गाण्यासारखे ऐकले मात्र नव्हते. पहिले लांब, दुसरे आखूड. टाऽक-टक.

ते घरात आले तेव्हा त्यांच्या हाताला शेणाचा, दुधाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास होता. त्यांनी मला खिळ्यावरून काढले. घाईत चादरही गुंडाळली नाही. गोठ्यातल्या बाजेवर बसून त्यांनी पहिला खण वाजवला. दुसरा वाजवला. चौथा खण आला आणि गेला, एखादे गाव मागे पडावे तसा. धुके दावणीपर्यंत आले होते. गाई रवंथ करत होत्या. माझ्या पोटात काहीतरी सैल झाले, जे कोलकात्याच्या त्या अंधाऱ्या गल्लीपासून आवळलेले असावे. मी वाजत होते की कुणीतरी मला झोपेतून हळूहळू उठवत होते, ते मला सांगता येणार नाही.

"आबा," दिपाली हळूच म्हणाली, "दुसऱ्या गाईला लावू का यंत्र, का गाणं संपू द्यू?"

"लाव, लाव. बंद नको करू."

त्यानंतर आबांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी मोबाइल उघडला आणि जुन्या धड्यांतल्या ज्या जागा ते पुढे सरकवत आले होते, त्या एकेक करून लावल्या. 'नुसते ऐका' असे शिक्षक म्हणाला की आता आबा हात मांडीवर ठेवून ऐकत. काही गाण्यांत ते माप साठाला चाळीस नव्हतेच. कुठे त्याहून जास्त, कुठे अगदी थोडे. ते ऐकूनच कळत होते. आबांना त्याचे वाईट वाटले नाही.

सव्वीस जानेवारीला, रविवारी, गावात झेंडावंदन झाले आणि आम्ही पुन्हा एस.टी.त बसलो. यावेळी कुशाबाईही सोबत होत्या. "बारामतीत बाजार करायचा हाय," असे त्यांनी तीनदा सांगितले, कुणी विचारले नसताना. माझ्या अंगावर आता सोलापुरी चादर नव्हती. कुशाबाईंनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात तशी बारीक टाक्यांची खोळ मला शिवली होती. मानेला निराळा कप्पा, पोटाला निराळा.

सूरजच्या माळ्यावर खोकी बांधून ठेवलेली होती. त्यातल्याच एका खोक्यावर कुशाबाई बसल्या. सूरजने बेस हातात घेतला, आबांकडे पाहिले आणि काही न विचारता आकडे मोजले.

चौथा खण गेला. सूरजने मान वर केली. आठवा गेला. सोळाव्या खणाशी त्याने एक खोडी काढली. जमीन थोडी तिरकी केली. आबा अडखळले नाहीत. त्यांनी पुस्तकात नसलेले दोन सूर घेऊन त्याला उत्तर दिले. सूरज मोठ्याने हसला, हात न थांबवता. मित्रांनो, विचारल्यावर उत्तर येते तेव्हा पोकळ लाकडाला काय वाटते, ते मी कसे सांगू? इतकेच सांगते की खाली रस्त्यावर देशभक्तीची गाणी जोरात लागली होती आणि मला त्यातले एकही ऐकू आले नाही.

"अवो, किती येळा त्येच त्येच वाजिवता?" कुशाबाई म्हणाल्या.

"मोजा की मावशी," सूरज वाजवता वाजवताच म्हणाला. "फेरी संपली की आबा मान हलिवत्यात बगा."

कुशाबाईंनी अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला आणि खरोखरच मोजू लागल्या.

सूरज आता गोव्यात आहे. आठवड्यातून एकदा तो आपला बेस एकट्याने वाजवून मोबाइलवर पाठवतो. आबा त्यावर मला वाजवतात आणि परत पाठवतात. पहाटे गोठ्यातले यंत्रही आमच्या जोडीला असते.

मित्रांनो, आता माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरी एखादे वाद्य भिंतीवर लटकत असेल तर त्याला मानेने टांगू नका. उन्हात आणि पत्र्याखाली ठेवू नका. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. जमल्यास त्याला एक खोळ शिवा. नवे कापड लागत नाही. पुस्तकातून शिकत असाल तर पुस्तक जपून वाचा, त्याचा मान ठेवा. पण ते लिहिणाऱ्याने आधी कान लावला होता, हे विसरू नका. 'नुसते ऐका' असे शिक्षक म्हणाला तर ती जागा पुढे सरकवू नका. आणि मुख्य म्हणजे आम्हाला वाजवा. ठेवून ठेवून आम्ही जपले जात नाही. आम्ही फक्त गप्प होतो.

सव्वीस जानेवारीला परतीच्या एस.टी.त योगायोगाने पहिल्या वेळचाच वाहक होता. त्याने माझ्या खोळीवरून हात फिरवला. "काय आबा, जमलं का वाजवाया?"

आबा खिडकीबाहेर पाहत होते. उत्तर कुशाबाईंनी दिले. त्यांचा अंगठा अजूनही बोटाच्या पेरावर होता.

"अकरा फेऱ्या," त्या म्हणाल्या. "थांबलं एकदाबी न्हाय."